मु. पो. अमेरिका

मराठी घरातलं पोरगं शिकायला अमेरिकेला निघतं, तेव्हा त्या घरात सर्वांत मानाची वस्तू असते ती बॅग लटकवून वजन करायचा काटा. 23 किलोच्या दोन बॅगा. भाजणी आत, मेतकूट बाहेर. मेतकूट आत, स्वेटर बाहेर. आत्याने दिलेली पितळेची समई तीन वेळा आत जाते आणि चार वेळा बाहेर येते, जे गणिताने शक्य नाही, पण होतं. शेवटी काटा 22.8 वर ठरला की वडील कपाळाचा घाम पुसून पंख्याखाली बसतात. बॅगेचं वजन असं ग्रॅमपर्यंत पाठ असलेल्या या कुटुंबाला विचारून बघा, की चिरंजीवांना तिकडे राहायची परवानगी कुठपर्यंत आहे? वडील पासपोर्टचं पान उघडून समोर धरतात. "ही काय, 5 वर्षं. बीकेसीला आमचा इंटरव्ह्यू दीड मिनिटात झाला." इंटरव्ह्यू मुलाचा होता. वडील कॉन्सुलेटच्या फाटकाबाहेर रस्त्यावर फाइल पोटाशी धरून उभे होते.

तर या 5 वर्षांचा आणि राहायच्या मुदतीचा काही संबंध नाही, हे सांगायला गेलं तर माणसं आपल्याकडे संशयाने बघतात. याच्या मुलाला व्हिसा मिळाला नसणार, अशा नजरेने. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे बालगंधर्वच्या दारात फाडतात ते तिकीट. आत सोडतं, बस्स. पडदा पडल्यावर खुर्चीत बसून राहायला ते उपयोगाचं नाही. आत किती वेळ बसायचं ते वेगळीकडे लिहिलेलं असतं, आय-94 नावाच्या नोंदीत. पूर्वी हे पांढरं कार्ड पासपोर्टला टाचून मिळायचं. 2013 पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते संकेतस्थळावर गेलं, आणि संकेतस्थळावर गेलेली कुठलीही गोष्ट आपण जितक्या आवडीने वाचतो तितक्याच आवडीने हेही वाचलं जातं.

पर्यटकाच्या आय-94 वर निदान एक तारीख तरी असते. विद्यार्थ्याच्या नोंदीवर तारखेच्या जागी दोन अक्षरं असतात : डी/एस. विद्यार्थी म्हणून जोवर नीट आहात तोवर राहा, असा त्याचा मतलब. किती उदार वाटतं! पण नीट असणं म्हणजे काय, याची यादी लांबलचक आहे. दर सत्राला पुरते विषय घ्यायचे. सत्र चालू असताना कॅम्पसवरची नोकरी आठवड्याला 20 तासांच्या आत ठेवायची. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय ताटलीसुद्धा विसळायची नाही. शिक्षण संपलं की ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात वर्षभर काम करायची मुभा, पण त्यात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहायचं नाही. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना पुढे आणखी 24 महिने मिळतात. सगळं आटोपलं की गाशा गुंडाळायला 60 दिवस. हे 60 दिवस आपली मुलं कशी वापरतात ते सर्वांना माहीत आहे. पहिले काही आठवडे ग्रँड कॅन्यन, मग मित्रांचे निरोपसमारंभ, मग सोफा विकण्याची जाहिरात, आणि शेवटच्या आठवड्यात वकिलाचा नंबर.

यातून आईबापांच्या काळजीचा एक उलटा हिशेब तयार होतो. पासपोर्टवरचा व्हिसा संपला की आई देव पाण्यात ठेवते, तेव्हा मुलगा तिकडे अगदी कायदेशीर मजेत पीएचडी करत असतो. आणि व्हिसा अजून 2 वर्षं शिल्लक आहे म्हणून आई निवांत वाती वळत असते, तेव्हा मुलाने एक विषय सोडलेला असतो, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसने संगणकावर एक कळ दाबलेली असते आणि चिरंजीव 'आउट ऑफ स्टेटस' झालेले असतात. आईला स्टेटस म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचं माहीत. तिथे तो कालच हसताना दिसलेला असतो.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. टेक्सासात एमएस केलं, ओपीटी मिळाली, नोकरी मिळाली नाही. बेकारीचे 90 दिवस संपले, तरी हा आज लागेल उद्या लागेल म्हणून थांबला. मग न्यू जर्सीत मित्राच्या तळघरात काही महिने काढले. त्या काळात मावशीला तो रोज सांगायचा, "प्रोसेसमध्ये आहे." आपल्याकडे 'प्रोसेसमध्ये आहे' या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही; पुनर्विकासाला दिलेल्या इमारतींमुळे ही सवय अंगवळणी पडली आहे. शेवटी तो आपण होऊन परत आला. कुणी हाकललं नाही, बेड्या घातल्या नाहीत. नेवार्कच्या विमानतळावर कुणी त्याच्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. आणि इथेच मामांचा प्रवेश होतो.

प्रत्येक घरात एक मामा असतात. आमचे मामा काठमांडूच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण इमिग्रेशन या विषयावर ते अधिकारवाणीने बोलतात, कारण त्यांच्या बँकेतल्या सहकाऱ्याची सून कॅलिफोर्नियात आहे. मामांचं पहिलं मत असं : "कुणाला कळतंय? जाताना शिक्का मारला का त्यांनी? नाही ना? मग संपलं."

या मतात अर्धं सत्य आहे, आणि अर्धं सत्य मामांना पुरतं. आपल्याकडे सहार विमानतळावर परदेशी जाताना इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट उलटापालटा करून शिक्का मारतो. अमेरिकेत निघताना असा खिडकीवरचा अधिकारीच नसतो. सुरक्षा तपासणी करा, बर्गर खा, विमानात बसा. त्यामुळे आपल्या माणसाला वाटतं, आपण मागच्या दाराने हळूच सटकलो. प्रत्यक्षात विमान कंपनी प्रवाशांची यादी सरकारला देते आणि कोण कधी गेलं त्याची नोंद आपोआप होते. गंमत म्हणजे ही व्यवस्था सज्जनांनाच अधूनमधून छळते. वेळेत बाहेर पडलेला, पण गाडीने किंवा बसने कॅनडाच्या हद्दीतून गेलेला एखादा सरळमार्गी गृहस्थ कागदोपत्री अमेरिकेतच राहून जातो. अशा वेळी त्याच्याकडून पुरावे मागतात : बोर्डिंग पास, पुढच्या देशाचा शिक्का, पावत्या. 1994 साली घेतलेल्या मिक्सरची पावती आजही प्लॅस्टिकच्या पिशवीत जपणाऱ्या तमाम मराठी आयांचा हा जागतिक विजय आहे. त्यांना तो कुणी कळवलेला नाही.

मामांचं दुसरं मत : "नवा पासपोर्ट काढ. कोरा करकरीत. त्यात मागचं काहीच नाही." हे ऐकून मावशीच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता, म्हणून मी लगेच काही बोललो नाही. पण व्हिसाच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतात. पासपोर्ट 10 वर्षांनी नवा होतो, बोटं तीच राहतात. शिवाय अर्जात जुन्या व्हिसाचा नंबर विचारतात, पूर्वी कधी अमेरिकेत गेला होतात ते विचारतात. पासपोर्ट हरवला म्हणाल, तर त्याचंही स्पष्टीकरण मागतात. मामा म्हणाले, "एवढं कोण वाचतं?" वाचायला तिथे माणूस बसवलेला नाही हो मामा, यंत्र बसवलं आहे. यंत्राला तुमच्या सहकाऱ्याची सून कॅलिफोर्नियात असल्याचं कौतुक नसतं.

तिसरं मत भूगोलावर आधारलेलं आहे. "अमेरिका नाही तर नाही. कॅनडा आहे, ऑस्ट्रेलिया आहे, इंग्लंड आहे. जग काय त्यांच्या बापाचं आहे?" जग नाही, पण माहिती मात्र आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश स्थलांतराच्या बाबतीत एकमेकांशी बोटांच्या ठशांसकट माहितीची देवाणघेवाण करतात. मराठी मुलं जिथे जिथे शिकायला जातात त्यातले पाच मोठे पत्ते एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत, असं मी मामांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गंभीर झाले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची ताकद त्यांना ठाऊक आहे. ते आमच्या घराण्याच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत.

आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा. ब्रिटनमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिलात, पण 30 दिवसांच्या आत स्वखर्चाने निघालात तर सहसा दुर्लक्ष करतात. पूर्वी ही सवलत 90 दिवसांची होती. त्यापुढे राहून आपल्या तिकिटाने गेलात तर एक वर्ष बंदी, सरकारी खर्चाने जायची वेळ आली तर आणखी जास्त. म्हणजे तिकीट कुणी काढलं यावर पापाचं वजन ठरतं, जे आपल्याकडच्या लग्नाच्या वऱ्हाडातही ठरतं. ऑस्ट्रेलियात 28 दिवसांच्या वर राहिलात तर तात्पुरत्या व्हिसासाठी 3 वर्षं दार बंद होऊ शकतं. कॅनडा थोडा मवाळ. तिथे दर्जा गेला तर 90 दिवसांत तो परत मिळवायला अर्ज करता येतो. युरोपात 2025 च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्यांच्या जागी चेहरा आणि ठसे घेणारी यंत्रणा यायला लागली. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचे 180 दिवसांतले 90 दिवस आता ती मोजते. पूर्वी फिकट शिक्क्यावरची तारीख 3 आहे की 8, यावर अधिकाऱ्याशी थोडी चर्चा करता यायची. तेही सुख गेलं.

पण सगळ्यांत मौजेचा कायदा अमेरिकेचाच. 1996 सालचा आहे. 180 दिवसांपेक्षा जास्त, पण एक वर्षाच्या आत बेकायदा राहून बाहेर पडलात तर 3 वर्षं परत यायला बंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहून बाहेर पडलात तर 10 वर्षं. यातला 'बाहेर पडलात' हा भाग पुन्हा वाचा. बंदी लागू होते ती राहिल्याने नाही, निघाल्याने. निघाल्याशिवाय ती सुरूच होत नाही. म्हणजे ज्याला हाकलायचं आहे त्याला दारातच सांगायचं, की तू उंबरा ओलांडलास की तुझी शिक्षा सुरू. हा कायदा ज्यांनी केला त्यांच्या घरी कधी पाहुणा आला नसावा. नाहीतर त्यांना कळलं असतं, की पाहुण्याला घालवायचं तर त्याचं जाणं सोपं करावं लागतं. रिक्षा आपण बोलवावी लागते, डबा आपण बांधून द्यावा लागतो.

याचा परिणाम एडिसनपासून ह्यूस्टनपर्यंत कुठल्याही महाराष्ट्र मंडळात बघायला मिळतो. गणपतीत आरती सर्वांत मोठ्याने म्हणणारा, मोदकांच्या पंगतीत वाढपाला पुढे असणारा एखादा गृहस्थ असतो, ज्याला कुणी सहज विचारलं, "यंदा डिसेंबरात इंडियाला का?" तर त्याला नेमका त्याच क्षणी चटणीचा डबा आठवतो. तो लबाड नसतो. फार वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आलेला असतो, एक नोकरी हुकलेली असते, मग एक वर्ष, मग दुसरं. आता गेला तर परत येता येत नाही आणि इथे बायको, मुलं, शाळा. बहिणीचं लग्न त्याने लॅपटॉपवर बघितलेलं असतं. वडील गेले तेव्हा दहाव्याला भटजींनी फोन कावळ्याच्या दिशेला धरला होता, असं मला एकाने सांगितलं. सांगताना तो हसत होता, म्हणून मीही हसलो. नंतर बराच वेळ आम्ही दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत या कायद्याला आणखी एक मुरड आहे. डी/एस असल्यामुळे, म्हणजे तारीखच नसल्यामुळे, हे बेकायदा दिवस मोजायला कुठून सुरुवात करायची? वर्षानुवर्षं नियम असा, की इमिग्रेशन खात्याने किंवा न्यायाधीशाने 'तुम्ही नियम मोडला' असं अधिकृतपणे म्हटल्यावर मोजणी सुरू. 2018 मध्ये खात्याने फतवा काढला : छे, नियम मोडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच मोजणार. काही कॉलेजं कोर्टात गेली आणि 2020 मध्ये न्यायालयाने तो फतवा रद्द केला. 2025 च्या ऑगस्टमध्ये सरकारने नवा प्रस्ताव मांडला, की डी/एस हे प्रकरणच बंद करू, विद्यार्थ्याला जास्तीत जास्त 4 वर्षांची ठरीव तारीख देऊ आणि मागचे ते 60 दिवसही 30 करू. थोडक्यात, मोजायला कधी सुरुवात करायची यावर खुद्द अमेरिका सरकार कोर्टात हरलेलं आहे. मामांना हा प्रश्न कधी पडला नाही. मामांनी मोजायचंच नाही असं ठरवलं आहे.

त्यामुळे माझ्या मावसभावासारखा मुलगा अशा चमत्कारिक ठिकाणी उभा असतो, जिथे त्याचं स्टेटस गेलेलं असतं, पण 3 किंवा 10 वर्षांच्या बंदीसाठीचा आकडा बहुधा शून्य असतो. बंदी नाही म्हणून वकील अभिनंदन करतो आणि फी घेतो. मग बंदी नसलेला हा मुलगा पुन्हा व्हिसाच्या खिडकीसमोर उभा राहतो तेव्हा अधिकारी त्याचा इतिहास बघतो आणि 214 बीचा कागद पुढे सरकवतो. 214 बी म्हणजे तुम्ही परत जाल असं आम्हाला पटलं नाही. मागच्या वेळी कसा वागलास, हे विचारायचा हक्क कुठल्याही कायद्याने कधी संपत नाही. बंदीला अंत असतो, आठवणीला नसतो. स्थळं बघणाऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

स्थळांवरून आठवलं. अमेरिकेतल्या मुलाच्या बायोडाटात हल्ली गोत्र, नाडी, उंची यांच्या खाली व्हिसा येतो. एच-1बी, ग्रीन कार्ड, सिटिझन अशी त्याची चढती भाजणी. 'स्टूडंट' असेल तर मुलीचे वडील चष्मा वर करून विचारतात, "कधीपर्यंत?" आणि इथे मामांचं चौथं मत येतं : "सिटिझन मुलगी बघ. सगळं माफ होतं." यातही अर्धं सत्य आहे. रीतसर तपासणी होऊन आत आलेला माणूस अमेरिकन नागरिकाशी खरंखुरं लग्न करून, तिथे राहूनच ग्रीन कार्डासाठी अर्ज करत असेल, तर जास्त राहिल्याचा मुद्दा आड येत नाही. पण अर्ज चालू असताना आजीला भेटायला म्हणून परवानगीविना विमानात बसला तर घोटाळा. शिवाय लग्न खरं हवं. खरं आहे का ते बघायला अधिकारी नवराबायकोला वेगवेगळं बसवून, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं इथपर्यंतचे प्रश्न विचारू शकतात. मावशी म्हणाली, "आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण यांना हे प्रश्न विचारले तर हे नापास होतील." काकांनी मान डोलावली. कुठला प्रश्न होता ते त्यांनी ऐकलं नव्हतं.

काही जणांचं आणखी वाईट झालं. कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटन गावात ट्राय-व्हॅली नावाचं विद्यापीठ होतं. 2011 मध्ये त्याच्यावर धाड पडली आणि तिथल्या काही भारतीय विद्यार्थ्यांच्या घोट्याला रेडिओ पट्टे बांधले गेले, त्यावरून आपल्या परराष्ट्र खात्याने निषेधही नोंदवला. पुढे सरकारी खात्याला वाटलं असावं, खाजगी लोक एवढं चांगलं बनावट विद्यापीठ काढतात तर आपण का मागे राहायचं? मग मिशिगनमध्ये फार्मिंग्टन विद्यापीठ निघालं. संकेतस्थळ, कचेरी, सगळं रीतसर. फक्त वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत आणि प्रवेश देणारे कर्मचारी वेषांतर केलेले सरकारी अधिकारी. 2019 च्या जानेवारीत ते उघड झालं तेव्हा पकडलेल्या 130 विद्यार्थ्यांपैकी 129 भारतीय होते. हजेरी नाही, परीक्षा नाही, फक्त फी आहे, हे बघून संशय कसा आला नाही असं अमेरिकन वर्तमानपत्रांत लोक विचारत होते. त्यांनी आपली काही कॉलेजं बघितलेली नाहीत. ज्यांना ठाऊक होतं ते दोषी खरेच, पण ज्यांनी भाबडेपणाने फी भरली त्यांनाही पुढच्या प्रत्येक अर्जात त्या विद्यापीठाचं नाव लिहावं लागणार. शिक्षणाच्या रकान्यात.

आता अर्जाविषयी. अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज ज्याने भरला आहे त्याला त्यातला प्रश्नांचा तो भाग आठवत असेल. तुम्ही अतिरेकी कारवायांत भाग घेतला आहे का? नाही. वंशसंहार केला आहे का? नाही. कुणाचा छळ? नाही. लहान मुलांना सैनिक म्हणून भरती केलं आहे का? नाही. काळा पैसा पांढरा केला आहे का? नाही. सोसायटीच्या खजिनदारांना इथे क्षणभर थांबावं लागतं, पण तेही नाही म्हणून पुढे जातात. बोटाला लय सापडते. नाही, नाही, नाही. आणि त्या लयीत एक प्रश्न येतो : दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ राहिला आहात का, किंवा व्हिसाच्या अटी मोडल्या आहेत का? बोट लयीत असतं. शेजारी मामा असतात. "नाही दाब, नाही. उगाच कशाला?"

खरा सापळा या 'उगाच कशाला'मध्ये आहे. जास्त राहिल्याची शिक्षा 3 वर्षं, 10 वर्षं, कधी शून्य. पण व्हिसा मिळावा म्हणून जाणूनबुजून खोटं लिहिलंत तर अमेरिकेची बंदी जन्मभराची. विशेष माफी मागता येते, पण ती मागत बसावी लागते. कॅनडा खोट्या माहितीसाठी 5 वर्षं बाहेर ठेवतो, ब्रिटनमध्ये फसवणुकीला 10 वर्षं आहेत. राहण्यापेक्षा नाकारणं महाग. आणि आपली अडचण अशी, की आपल्याला होय किंवा नाही असं उत्तर देताच येत नाही. मराठी माणसाला "जेवलात का?" विचारलं तरी तो "तसं झालंय म्हणा" असं म्हणतो. त्याला होय आणि नाही यांच्यामध्ये एक तिसरी चौकट हवी असते : 'तसं नाही, पण त्याचं काय झालं...' ती चौकट असती तर निम्म्या अर्जदारांनी सत्य सांगितलं असतं, आणि सविस्तर सांगितलं असतं.

मावसभाऊ आता पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. कंपनीला त्याला काही महिन्यांसाठी टोरंटोला पाठवायचं होतं. कॅनडाच्या अर्जात त्यांच्याकडे मुदत ओलांडली का ते विचारतातच, वर हेही विचारतात, की कॅनडा किंवा इतर कुठल्या देशाने कधी तुम्हाला व्हिसा नाकारला आहे का. मधल्या काळात अमेरिकेचा एक 214 बी येऊन गेलाच होता. तोवर याने मोठ्या शिताफीने नेपाळ, भूतान आणि मॉरिशस एवढंच जग पाहिलं होतं, कारण तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याच्या इन्स्टाग्रामवर पशुपतिनाथाचे इतके फोटो होते, की एका स्थळाने तो संन्यास घेणार आहे का अशी चौकशी केली.

या वेळी तो ठामपणे म्हणाला, की होय लिहिणार. घरात शांतता पसरली. होय लिहिलं की खाली स्पष्टीकरणाला जागा असते, शिवाय वेगळं पत्र जोडता येतं. पत्र लिहायचं काम शेजारच्या निवृत्त मराठी शिक्षकांकडे गेलं, कारण सोसायटीतले माहितीच्या अधिकाराचे सगळे अर्ज तेच लिहितात. त्यांचा मसुदा साडेतीन पानांचा होता. पहिलं पान 2008 च्या मंदीवर होतं, जेव्हा मावसभाऊ प्राथमिक शाळेत होता. दुसऱ्या पानावर मातृप्रेम. टेक्सासमधल्या त्या शेवटच्या सत्राचा उल्लेख तिसऱ्या पानाच्या शेवटी 'नियतीच्या मनात मात्र' या शब्दांनी सुरू होत होता. वकिलाने ते वाचलं, शिक्षकांच्या अक्षराची स्तुती केली आणि त्याच्या सहा ओळी केल्या. अमुक तारखेला शिक्षण संपलं, अमुक तारखेला बेकारीची मुदत संपली, अमुक तारखेपर्यंत राहिलो, अमुक विमानाने परत आलो, तेव्हापासून इथे नोकरीत आहे. सोबत बोर्डिंग पास. तो मावशीच्या मिक्सरच्या पिशवीतच सापडला.

मामांना सहा ओळी फार कोरड्या वाटल्या. याने काय पटणार त्या गोऱ्यांना, असं म्हणत ते बराच वेळ येरझारा घालत होते. मग एकदम थांबले. "डोमिसाइल जोड," ते म्हणाले. वकिलाने विचारलं, कशासाठी? "कशासाठी म्हणजे? पोरगा परत येईल की नाही हाच त्यांचा प्रश्न आहे ना? मग इथे 15 वर्षं सलग राहिल्याचा सरकारी दाखलाच दाखवा. तिकडे चार महिने जास्त राहिला तर गुन्हेगार, आणि इकडे 15 वर्षं हललो नाही म्हणून महाराष्ट्र शासन सही-शिक्क्याचा कागद देतं! जोडा तो." वकिलाने पेन खाली ठेवलं. मावसभावाने सांगायचा प्रयत्न केला, की मधली काही वर्षं आपण नेमके टेक्सासात होतो, तेव्हा 'सलग' या शब्दाची पंचाईत होईल. मामांनी हात झटकला. दुसऱ्या दिवशी ते रेशन कार्ड, लाइट बिल आणि भाच्याचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन सेतू केंद्राच्या रांगेत उभे होते. तिथल्या मुलीने अर्ज चाळला आणि मान वर न करता विचारलं, "अर्जदार या काळात महाराष्ट्राबाहेर राहिले होते का? होय की नाही?"

मामा म्हणाले, "तसं नाही, पण त्याचं काय झालं..."